सात वेळा निरोप घेणाऱ्यांचा भक्त

हेम्या,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. परवा इथल्या मराठी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. पाच जण बोलले आणि पाचही जण तुझ्याबद्दल खोटं बोलले. पहिले म्हणाले, हेमंत फार मृदुभाषी होता. तू आणि मृदुभाषी! शनिवारी सकाळी तुझ्या गॅरेजचं दार वर गेलं की समोरच्या घरातला कुत्रा पलंगाखाली जाऊन बसायचा. दुसरे म्हणाले, त्याचं कधी कुणाशी भांडण झालं नाही. मग गेली अकरा वर्षं मी कुणाशी भांडत होतो? एका काकूंनी तुला संगीताची आवड असल्याचं सांगितलं आणि त्याच वेळी मागच्या स्पीकरवर कुणीतरी हळू आवाजात बासरी लावली. बासरी! तुझ्या फोटोसमोर! मी तिसऱ्या रांगेत मुठी आवळून बसलो होतो. सूत्रसंचालकांनी विचारलं, "प्रशांत, तू दोन शब्द बोलणार का?" मी मान हलवून नाही म्हटलं. दोन शब्द होते माझ्याकडे, पण ते काकूंच्या समोर उच्चारण्यासारखे नव्हते.

म्हणून इथे लिहितोय. मी तुझ्यावर चिडलोय. लोक म्हणतात दुःखामुळे माणूस चिडचिडा होतो, होईल निवांत. मला निवांत व्हायचं नाहीये. तू जे केलंस ते आधी तुला तोंडावर सांगायचंय, आणि तोंड तू घेऊन गेलास.

पहिल्यापासून सांगतो. कोथरूडमधल्या ज्या घरात पहाटे भक्तिगीतं आणि संध्याकाळी नाट्यगीतं लागायची, त्या घरातला मुलगा इथे अमेरिकेत, कॅरीला येताना निदान एक पेटी घेऊन येईल की नाही? तू आलास ते ऑस्ट्रेलियातल्या पब रॉकचं खूळ घेऊन. कंपनीने तुला आधी दोन वर्षं मेलबर्नला पाठवलं होतं. तिथे पहिल्याच शुक्रवारी ऑफिसातल्या लोकांनी तुला एका पबमध्ये नेलं. तू बापडा भूक लागली म्हणून गेलास आणि व्हिनेगर घातलेल्या बटाट्याच्या चिप्स खात बसलास. तेवढ्यात कोपऱ्यातल्या चार फुटांच्या जागेत पाच माणसं उभी राहिली आणि त्यांनी असा काही आवाज काढला की, तुझ्याच शब्दांत, "चिप्स बशीत उड्या मारायला लागल्या." तुला घरी जायचं होतं. पण वर्षानुवर्षं सांडलेल्या बिअरने ते कार्पेट इतकं चिकट झालं होतं की तुझे नवे बूट त्याला धरून बसले. तू थांबलास आणि कायमचा त्यांचा झालास. ही गोष्ट तू मला किमान चाळीस वेळा सांगितली असशील. दर वेळी कार्पेट आणखी चिकट व्हायचं.

मग तुझा सिद्धान्त निघाला की ज्या कार्पेटला बूट चिकटत नाहीत तिथलं संगीत ऐकू नये.

मी नागपूरचा, गझल ऐकून वाढलेला माणूस. तुझ्या त्या बँडांची मूळ नावं माझ्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून मी त्यांना आपली नावं ठेवली आणि तू संतापायचास. एक होते गंजीफ्रॉकवाले. त्यांच्या गायकाने उभ्या आयुष्यात बाह्या असलेला कपडा घातला नव्हता. दुसरे ट्रकवाले. त्यांचं गाणं ट्रकने सुरू व्हायचं, मध्ये ट्रक बिघडायचा आणि शेवटी बायको ट्रकमध्ये बसून निघून जायची. तिसरे भाऊबंदकीवाले. त्यात दोन सख्खे भाऊ होते, तीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, स्टेजच्या दोन टोकांना उभं राहून वाजवायचे आणि निरोप ड्रमरकरवी पाठवायचे. मी म्हणायचो, "अबे, हे तर आपल्या बांधावरच्या भांडणासारखंच आहे, फक्त यात गिटार आहे." तू म्हणायचास, "काय राव, तुला शष्प कळत नाही. ते रागावून वाजवतात म्हणून तर खरं वाजतं!"

आणि सगळ्यांच्या केसांबद्दल तर बोलायलाच नको. पुढून बँकेतला कारकून आणि मागून गोंधळी.

तरी मी तुझ्या गॅरेजमध्ये येत राहिलो. कॉलेजात ताशा वाजवला होता, एवढ्या भांडवलावर तू मला ड्रमर केलंस. पहिल्याच दिवशी मला तंबी दिलीस, "हे बघ, ड्रमरने डोकं वापरायचं नाही. डोकं वापरलं की पब रॉक संपला." मी एखादी तिहाई टाकली की तू गिटार थांबवून माझ्याकडे असं बघायचास, जणू मी सत्यनारायणाच्या प्रसादात लसूण घातलाय. कॉलनीच्या कमिटीचं आवाजाबद्दलचं पत्र आलं तेव्हा तू ते फ्रेम करून भिंतीवर लावलंस आणि म्हणालास की मेलबर्नमध्ये याला पुरस्कार समजतात.

एका गोष्टीवर मात्र आपलं भांडण मिटलं नाही. गाणं संपवायचं कसं? तुझ्या बँडांना संपवता येत नसे. धाडकन शेवट झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, की पुन्हा सुरू. पुन्हा धाडकन, पुन्हा सुरू. मी म्हणायचो, एकदाच संपवा आणि घरी जा. तुझं म्हणणं, खोटा शेवट केल्याशिवाय लोकांना खऱ्या शेवटाची किंमत कळत नाही. मला आता विचार कुणाचं बरोबर होतं ते. नको, नकोच विचारू.

तुझं खरं तत्त्वज्ञान वेगळंच होतं आणि ते मला पटायचं, हे मी तुला कधी कबूल केलं नाही. आज करतो. तू म्हणायचास की हॉलमध्ये तिकीट काढून गप्प बसलेल्या लोकांसमोर कुणीही गाईल. पबमधले लोक गाणं ऐकायला आलेलेच नसतात. दिवसभर कारखान्यात राबून ते प्यायला आलेले असतात, गायकाकडे पाठ करून उभे असतात. त्यांना मागे वळायला लावतो तो गायक. यावर मी एकदा चिडवायला म्हणालो, "एवढं आहे तर आपल्या मंडळाच्या लोकांना मसालेभाताच्या रांगेतून मागे वळवून दाखव."

तू ते मनावर घेतलंस. गणपतीच्या कार्यक्रमात तू मुद्दाम शेवटची बारा मिनिटं मागून घेतलीस, जी कुणालाच नको असतात. लहान मुलांचे नाच झालेले, आई-बापांचे व्हिडिओ काढून झालेले, हॉलच्या मागच्या बाजूला झाकणं उघडलेली आणि सगळं पब्लिक स्टेजकडे पाठ करून ताट हातात घेऊन उभं. तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. गंजीफ्रॉक घालायचा तुझा विचार वैदेहीने हाणून पाडला होता, म्हणून झब्ब्याच्या बाह्या कापून आला होतास. बायको असून वैदेहीने तुला त्या वेशात घराबाहेर कसं पडू दिलं कोण जाणे.

गाणं तुझंच होतं. ते ऑस्ट्रेलियावाले बंद पडलेल्या कारखान्यांवर गायचे. तू म्हणालास, आपला कारखाना कुठला? आपल्याला एका सकाळी बॅज लावल्यावर दार उघडत नाही, तोच आपला कारखाना बंद. चारच सूर, आणि तू ओरडलास:

बॅज चालेना, दार उघडेना,
साहेब म्हणतो, बाळा, घरी जा!

पहिल्या वेळी कुणी बघितलं नाही. दुसऱ्या वेळी रांगेतला एक मुलगा वळला, त्याची नोकरी उन्हाळ्यात गेली होती. मग त्याच्या मागचा वळला. तिसऱ्या वेळी अख्खी रांग वळली होती. हातात ताटं तशीच, आणि व्हिसावर दिवस मोजणारी ती सगळी शहाणी, सभ्य माणसं "घरी जा" म्हणून छप्पर उडवत होती. एक काका तर ताटावर चमचा बडवत होते. मला रडू आलं होतं. घाम आहे असं दाखवून मी पुसलं.

आणि तिथेच तू थांबलास. ऐन रंगात आलेलं गाणं अर्धवट टाकून अ‍ॅम्पच्या खोक्यावर बसलास. लोकांना वाटलं ही स्टाइल आहे, त्यांनी आणखी टाळ्या पिटल्या. मी एकटाच ड्रम बडवत राहिलो आणि शेवटी कसंबसं आवरलं. तू माइकमध्ये म्हणालास, घसा बसला.

पार्किंग लॉटमध्ये मी तुझ्यावर तोंडसुख घेतलं. "अबे, अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी ऐकत होतं आपल्याला, आणि तू खाली बसलास?" तू गाडीला टेकून उभा होतास. म्हणालास, "घसा नव्हता रे. छातीत जड वाटतं मधूनमधून. जिना चढलो की पण." मी विचारलं, किती दिवस? तू म्हणालास, "होतंय थोडे दिवस. डिसेंबरमध्ये पुण्याला जातोच आहे, तेव्हा सगळं एकदम करून घेतो. वैदेहीला बोलू नकोस, उगाच घाबरेल यार."

आता मी काय बोललो ते इथे लिहायलाच हवं. मी म्हणालो, "बरोबर आहे. मी पण रूट कॅनल तिथेच करणार आहे."

हे मी बोललो, हेम्या. छातीत जड वाटणाऱ्या माणसाला मी माझ्या दाढेचं सांगितलं. कारण आपण सगळे असेच आहोत. पगार इथे घेतो आणि आजारपणं तिकडे नेतो. दात, डोळे, गुडघे, आईने सांगितलेलं थायरॉइड, सगळं वर्षभर साठवून ठेवतो आणि तीन आठवड्यांच्या सुट्टीत लग्नं आणि खरेदीच्या मध्ये बसवतो. इथे अपॉइंटमेंट मिळत नाही, डॉक्टर दहा मिनिटं बघतो आणि फॉर्म भरायला लावतो. तिथे ओळखीचा माणूस असतो, सकाळी उपाशीपोटी गेलं की संध्याकाळी फाइल हातात. "इंडियात करून घेऊ" हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात काही चुकीचं आहे असं कुणाच्या कानाला जाणवतच नाही. मलाही जाणवलं नाही. तू हृदय सुटकेसमध्ये भरून न्यायला निघाला होतास आणि मी म्हणालो बरोबर आहे.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी दहा वाजता ड्राइव्हवेवरची पानं पिशव्यांत भरता भरता तू पडलास. पुण्याचं विमान पाच आठवड्यांवर होतं.

मला राग कशाचा येतो सांगू? तुझे ते सगळे बँड निरोपाचे दौरे काढायचे. गंजीफ्रॉकवाल्यांनी सात वेळा शेवटचा कार्यक्रम केला. तू मला त्याचे सातही व्हिडिओ दाखवलेस. दर वेळी तो गायक रडायचा, टॉवेल गर्दीत फेकायचा, दोन वर्षांनी पुन्हा यायचा. भाऊबंदकीवाले तर एकमेकांचं तोंड पुन्हा बघणार नाही असं जाहीर करून तीनदा परत आले. अशा लोकांचा तू भक्त. त्यांनी सात-सात वेळा निरोप घेतला आणि तुला एकदाही घेता आला नाही. मला एक फोन? दोनच दिवस आधी तू मला फक्त शनिवारच्या आत स्नेअर ड्रमचं कातडं बदल असा मेसेज केला होतास.

पण खरी गोष्ट अजून पुढे आहे.

तू गेल्यानंतर आठव्या दिवशी तुझ्या फोनवर पुण्याच्या हॉस्पिटलचा मेसेज आला. हृदयतपासणीची अपॉइंटमेंट, ट्रेडमिल टेस्ट, उपाशीपोटी यावे, येणार असाल तर एक दाबा, रद्द करायची असेल तर दोन दाबा. मी तेव्हा तुमच्याकडे कागदपत्रांचं बघत होतो. वैदेही तो फोन हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "प्रशांत, तुला तो काही बोलला होता का रे?"

मी म्हणालो, "नाही."

एवढं सहज खोटं मी व्हिसाच्या खिडकीवरही बोललो नसतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणून आत गेली. त्या दिवसापासून मला तिच्या डोळ्यांकडे बघता येईना. तू मला बोलू नकोस म्हणाला होतास, पण ते तू जिवंत असताना. मेल्यावर कुणाची गुपितं सांभाळायची असतात? स्वतःचीच, दुसऱ्या कुणाची? मी गप्प बसलो ते तुझ्या शब्दासाठी नाही. ती मला म्हणेल, तुला माहीत होतं आणि तू त्याला पुढेही गाऊ दिलंस, ते ऐकायची माझी छाती नव्हती. शोकसभेत मी बोललो नाही, त्याचंही खरं कारण हेच. काकूंचा मी उगीच बहाणा केला.

काल सकाळी शेवटी गेलो. वैदेहीने चहा केला. मी कप तसाच ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. पार्किंग लॉट, छाती, डिसेंबर, माझी दाढ, सगळं. आतल्या खोलीत कपड्यांचा ड्रायर चालू होता. ती टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसत होती.

"तुला कधी सांगितलं त्याने?" तिने विचारलं.

"सप्टेंबरमध्ये. गणपतीच्या प्रोग्रॅमनंतर."

"मला ऑगस्टमध्ये," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"ऑगस्टमध्ये सांगितलं त्याने मला. म्हणाला, प्रशांतला अजिबात बोलू नकोस. तो प्रॅक्टिस कॅन्सल करेल आणि मला ओढत इमर्जन्सीत नेऊन बसवेल." तिने डोळे पुसले नाहीत. "पुण्याची अपॉइंटमेंट मीच घेतली, प्रशांत. इथे ऑक्टोबरची तारीख मिळत होती. मी म्हटलं, मग टेस्टसाठी पुन्हा दुसरी तारीख, फॉलोअपची तिसरी, त्यापेक्षा पुण्यात एकदमच होईल. मी म्हटलं हे. त्या दिवशी तुला विचारलं ना मी, ते एवढ्यासाठीच. वाटलं, तुला बोलला असेल तर निदान मी एकटी नसेन. तू नाही म्हणालास."

हेम्या, हरामखोरा! तू मला सांगितलंस तिला बोलू नकोस, आणि तिला सांगितलंस मला बोलू नकोस. आम्ही दोघं एकमेकांशी एक वाक्य बोललो असतो तर तू आज त्या टेबलाशी बसून माझा चहा प्यायला असतास. एकाच्या तोंडून ऐकलं असतं तर दुसऱ्याने तुला उचलूनच नेलं असतं. तू आमच्यामध्ये उभा राहिलास, दोघांना गप्प केलंस आणि निघून गेलास. आणि वर तुझी खात्री, की प्रशांत मला ओढत नेईल. एवढा विश्वास टाकला होतास माझ्यावर, आणि पार्किंग लॉटमध्ये माझ्या दाढेचं ऐकून तुला किती हायसं वाटलं असेल! तो विश्वास मला आता रोज खातोय.

मग वैदेही बोलली. ती म्हणाली, "गाढव होता."

मी म्हणालो, "महागाढव."

"कुणाचं ऐकायचा नाही."

"स्वतःचं सोडून."

"त्याचंही कुठे ऐकलं? त्याची छाती सांगत होती ना त्याला!" आणि मग ती ओरडायला लागली, हेम्या. अकरा वर्षांत मी वैदेहीचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. ती तुला नावं ठेवत होती, मी तुला शिव्या घालत होतो, तुझ्या भाषेत सांगायचं तर चिप्स बशीत उड्या मारत होत्या. तुझी ईरा जिन्यावरून खाली आली. तिने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, व्हाय आर यू गाइज येलिंग?"

वैदेही म्हणाली, "आम्ही बाबावर चिडलोय."

ईरा म्हणाली, "मी टू," आणि खुर्ची ओढून आमच्यात बसली.

तू गेल्यापासून त्या घरात कुणी एकमेकांकडे नीट बघून बोललेलं मी काल पहिल्यांदा पाहिलं. दुपारपर्यंत आम्ही तिथेच होतो. निघताना वैदेही दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तुला मी काही म्हणणार नाही. तू मला म्हणू नकोस." मी मान डोलावली. तिने मला माफ केलं, मी तिला. तुझं काय करायचं, ते आमचं अजून ठरलेलं नाही.